टेलरकाकांची अंघोळ

माझ्या मावशीला सगळं जग मावशी म्हणतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना त्यांच्या घरी जाऊन अंघोळ घालणं हे तिचं काम, आणि अशा कामातल्या बाईला लोक मावशीच म्हणतात. मी तिच्या बहिणीची मुलगी, त्यामुळे तिची खरी भाची तेवढी मी एकटी. कुणी लाडात येऊन "माय मरो पण मावशी जगो" असं म्हणालं की ती म्हणते, "जगते हो, पण आधी पाय उचला. फरशी निसरडी झालीय."

नोकरी लागल्यापासून मी तिच्याकडे राहते. दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत माझी कॉट आणि कॉम्प्युटर, आतल्या खोलीत तिचा सगळा संसार. खिडकीच्या गजांवर कायम दोन रबरी अ‍ॅप्रन वाळत असतात आणि घराला औषधी साबणाचा वास असतो. मावशी फार बोलत नाही. तिचा ठरलेला शब्द म्हणजे "बरं". पगार वाढला, बरं. पगार कापला, बरं. तिचा नवरा गेला तेव्हा हॉस्पिटलमधून फोन आला होता. तेव्हाही ती आधी "बरं" म्हणाली आणि मग विचारलं, येताना त्यांचे कपडे कुठले आणू. लोक तिला कोरडी म्हणतात. दिवसभर पाण्यात हात असलेल्या बाईला कोरडी म्हणतात, हा विनोद तिनेच एकदा केला होता, न हसता.

एका संध्याकाळी तिने फोन माझ्यापुढे धरला. "बिघडलाय का बघ. मला कवळ्या विकतोय."

मी बघितलं. कवळ्या होत्या, मोठ्या माणसांचे डायपर होते, पलंगाला लावायचे कठडे होते, कानाची मशिनं होती. शिवाय एका कंपनीचा सल्ला होता की आपल्या अंत्यविधीचा खर्च आत्ताच हप्त्याने भरून ठेवा, मुलांवर भार नको. मी तिला समजावलं की फोन बिघडलेला नाही. तो दिवसभर कुठे असतो, कुणाच्या वायफायवर असतो, हे तो सांगत असतो. तुझा दिवस म्हाताऱ्या माणसांच्या घरात जातो, म्हणून विकणाऱ्यांना वाटतं की तूच ती म्हातारी.

"माझं तोंड नाही दिसत त्यांना?"

"तोंडाशी त्यांना काय करायचंय? तू कुठे आहेस तेवढं पुरतं."

"मग मी मेले तरी कळेल त्यांना."

"फोन एका जागी पडून राहिला तर कळेल."

"बरं," ती म्हणाली आणि फोन चार्जिंगला लावून आत गेली. मला हे सगळं ठाऊक असतं, कारण मी एका दुकानदारीच्या अ‍ॅपसाठी असलेच प्रोग्रॅम लिहून पोट भरते.

तेव्हा बसथांब्यांवर सरकारी फलक लागले होते: 'तुमची माहिती, तुमचा हक्क'. नवा कायदा आला होता. कुणाची माहिती गोळा करायची तर त्याची संमती हवी. आपल्याबद्दल काय साठवलंय ते विचारता येईल, चुकलं असेल तर दुरुस्त करून मागता येईल, आणि मशीनने घेतलेला निर्णय पटला नाही तर तो माणसाने तपासावा असं म्हणता येईल. कायदा चांगला होता. मी तो पूर्ण वाचलाय, हे मला सांगावंसं वाटतं, कारण वाचणारे कमी आहेत.

मावशीला कामावर पाठवणाऱ्या कंपनीनेही त्याच सुमारास फोनमध्ये अ‍ॅप टाकायला लावलं. प्रत्येक घराला वेळ ठरलेली. दारात पोचलं की 'आले' दाबायचं, बाहेर पडताना 'निघाले'. फोन खरोखर त्या घरात आहे की नाही ते कंपनी बघणार. वेळेआधी उरकलं तर पडद्यावर हिरवी चांदणी, उशीर झाला तर तांबडा ठिपका. ठिपके साठले की वेळापत्रकवाल्या बाईंचा फोन. या बाईंना मावशीने कधी पाहिलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकतात, एवढंच त्यांच्याबद्दल माहीत होतं.

अ‍ॅप टाकताना लांबलचक मजकूर आला. खाली लिहिलं होतं, 'मी राजीखुशीने संमती देत आहे.'

"नाही म्हटलं तर?" मावशीने शेजारी बसलेल्या बाईला विचारलं. त्या दोघी बरोबरच कामाला लागलेल्या.

"तर उद्यापासून घरी बस, राजीखुशीने."

मावशीने बटण दाबलं.

सकाळची तिची पहिली दोन घरं एकाच गल्लीत, समोरासमोरच्या इमारतींत होती. पहिलं बँकवाल्या आजींचं. या आजी बँकेत अधिकारी होत्या, आणि अजूनही समोरच्या माणसाकडे खातं उघडायला आल्यासारखं बघतात. त्या स्वतः चालतात, स्वतः अंघोळ करतात. एकदा न्हाणीघरात पडल्या, म्हणून परगावच्या मुलाने मावशीची सोय लावली. मावशीने दाराबाहेर उभं राहायचं, आजींनी आतून अधूनमधून "आहे गं अजून" म्हणायचं, की झालं.

दुसरं घर टेलरकाकांचं. आयुष्यभर त्यांनी शिवणकामाचं दुकान चालवलं. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि बोलणं चार-सहा शब्दांवर आलं. घरात एक लेक, ती कापडाच्या गोदामात हिशेबाचं काम करते आणि सकाळी लवकर बाहेर पडते. काकांचं शिलाई मशीन आता औषधं ठेवायचं टेबल झालंय. त्यांना पलंगावरून उठवायचं म्हणजे कमरेला पट्टा बांधून, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवून, एका दमात चाकाच्या खुर्चीत घ्यायचं. डोक्यावर एकदम पाणी पडलं तर ते घाबरून श्वास रोखतात, म्हणून पायांपासून सुरुवात करायची. माकडहाडाजवळची कातडी रोज बघायची, लाल दिसली तर तिथे पावडर नाही, हवा द्यायची. आणि उजवा हात. तो छातीशी घट्ट आवळलेला असतो, मूठ मिटलेली. नखं तळव्यात रुततात, आत घाम कुजतो, वास येतो. ती मूठ ओढून उघडायची नसते. कोमट पाण्याच्या टबात हात सोडायचा आणि थांबायचं. ती आपली आपण उघडते, तिच्या मनाला येईल तेव्हा.

आजींना चाळीस मिनिटं होती. काकांनाही चाळीसच. दोघांचं वय सारखं होतं.

झालं असं की एक दिवस मावशी आजींकडे फोन विसरली. काकांचा पट्टा बांधून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. आता काकांना सोडून जाता येईना. तिने पाय धुतले, पाठ धुतली, मूठ टबात सोडली, त्यांना टॉवेल गुंडाळला आणि तेवढ्यात समोर धावत जाऊन फोन घेऊन आली. दारात 'आले' दाबलं, उरलेलं काम केलं, 'निघाले' दाबलं. हिरवी चांदणी आली. कुणाचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती विसरली नाही, मुद्दाम ठेवून गेली.

आजींना गंमत वाटली. "ठेव तुझ्या फोनला इथे. मी बघते त्याच्याकडे." त्या अंघोळ उरकून टेबलाशी बसायच्या, समोर मावशीचा फोन बशीत ठेवायच्या आणि वेळ भरली की चष्मा लावून 'निघाले' दाबायच्या. बँकेत इतकी वर्षं घालवलेली बाई, वेळेच्या बाबतीत चोख. तेवढ्या वेळात त्या डोंगर चढणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत बसायच्या, आणि त्यांच्याच वायफायवर असल्यामुळे मावशीला कवळ्यांच्या जोडीला गिर्यारोहणाचे बूटही दिसायला लागले.

"एकदाचं ठरवा म्हणावं," ती मला म्हणाली, "मला पोचवताय की चढवताय."

असं ती कित्येक महिने करत होती. काकांना जवळजवळ तास मिळत होता, आजींना हवं तेवढंच मिळत होतं आणि अ‍ॅपमध्ये चांदण्या जमत होत्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं, असं तिला वाटत होतं. मला सांगितलं असतं तर मी सांगितलं असतं की फोन तिथे नुसता पडून नव्हता. तो मोजत होता. पण तिने मला सांगितलं नव्हतं.

मग संदेश आला. 'आपल्या मागील नोंदींच्या आधारे वेळांची फेररचना करण्यात आली आहे.' टेलरकाका: पंचवीस मिनिटं. बँकवाल्या आजी: पन्नास.

मशीनच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं. आजींकडे रोज पूर्ण वेळ लागतो म्हणजे त्यांची तब्येत ढासळतेय. काकांचं रोज लवकर उरकतं, वर चांदणी मिळते, म्हणजे त्यांना चाळीस मिनिटांची गरजच नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढलं होतं मावशीने, आणि मशीनने वांग्यालाच वडा धरलं.

काकांच्या लेकीने कंपनीला फोन केला. वेळापत्रकवाल्या बाईंनी तिला नोंदी वाचून दाखवल्या. त्या संध्याकाळी लेक आमच्या घरी आली. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"मावशी, एक विचारू? इतके दिवस तुम्ही माझ्या बाबांना वीस-पंचवीस मिनिटांत उरकून जात होतात?"

मावशी अ‍ॅप्रन पिळत होती.

"मी कामावर असते. मला काय दिसणार? मी सगळ्यांना सांगत फिरते, आमची मावशी म्हणजे देवमाणूस. आणि तुम्ही चांदण्या गोळा करताय."

"त्यांच्या पाठीला एक तरी जखम आहे का?" मावशीने विचारलं.

"नाहीये."

"मग झालं."

"झालं काय झालं? मला खरं सांगा ना."

मावशीने अ‍ॅप्रन गजावर टाकला. "उद्या सांगते," ती म्हणाली. लेक निघून गेली. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत होता.

मग मावशीने मला सगळं सांगितलं. बशीतला फोन, आजींचं बटण, टबातली मूठ. सांगताना ती भांडी पुसत होती आणि आवाज असा होता जणू भाजी संपली एवढंच सांगायचंय.

"तू त्या कायद्याचं सांगत होतीस. चूक दुरुस्त करून मागता येते म्हणून."

"येते. पण चूक काय झाली ते लिहावं लागेल. फोन इथे होता आणि मी तिथे होते, असं. सहीनिशी."

"मग?"

"मग नोकरी जाईल, मावशी."

"नाही लिहिलं तर?"

"नाही लिहिलं तर पंचवीस मिनिटं. आणि ती ताई तुला चोर समजणार."

ती बशी पुसत राहिली. बशी केव्हाच कोरडी झाली होती. "पंचवीस मिनिटांत मूठ उघडत नाही," ती शेवटी म्हणाली. "लिही."

मी लिहिलं. तिने खाली सही केली. ती सही नेहमी अक्षरं मोजल्यासारखी करते. दुसऱ्या दिवशी तिने लेकीलाही सांगितलं. लेक रडली, माफी मागायला लागली. मावशी म्हणाली, "बरं. आता त्यांचा टॉवेल बदला, तो खरखरीत झालाय."

कंपनीचं उत्तर आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. त्यात कुठेही खोट नव्हती. फोन कुठल्या दिवशी कुठे होता या नोंदी कायद्याप्रमाणे त्यांचं काम संपलं की पुसून टाकाव्या लागतात, त्या पुसल्या आहेत. जे पुसलं ते दुरुस्त करता येत नाही. आता उरली आहे ती फक्त सरासरी, आणि सरासरी ही कुणा एका व्यक्तीची माहिती नसते, त्यामुळे तिला हा कायदा लागू होत नाही.

"म्हणजे काय?" मावशीने विचारलं.

"म्हणजे तुझं खोटं पुसलं गेलं, पण त्याचा निकाल राहिला."

"माणसांचंही असंच असतं," ती म्हणाली. "पुढे काय लिहिलंय?"

पुढे तिच्याबद्दल होतं. नोकरीवरून काढत नव्हते, कारण बायका मिळत नव्हत्या. सगळ्या चांदण्या रद्द. आणि इथून पुढे तिने फोनऐवजी मनगटात पट्टा घालायचा, जो पाण्यातही चालतो आणि काढला की लगेच कळतो. पट्टा नाडीसुद्धा मोजणार होता. त्यासाठी पुन्हा संमतीचा मजकूर आला. तिने वाचायचं सोंगही केलं नाही, बटण दाबलं आणि मनगट पुढे केलं.

एक रस्ता राहिला होता. मशीनचा निर्णय माणसाने तपासावा, हा हक्क टेलरकाकांना होता. त्यांच्या लेकीने तो मागितला. कंपनीने नकार दिल्यावर ती सरकारच्या माहिती कार्यालयात गेली, आणि मला खरंच वाटलं नव्हतं, पण कार्यालयाने ऐकलं. पत्र आलं की आमचा तपासनीस एक दिवस येऊन काकांच्या अंघोळीला किती वेळ लागतो ते स्वतः पाहील आणि तो जे लिहील ते कंपनीला मान्य करावं लागेल.

"बघ," मी मावशीला म्हटलं, "कायद्याला दात आहेत."

"कवळी नाही ना?" ती म्हणाली.

त्या सकाळी मीही सुट्टी काढून काकांकडे गेले, कारण लेकीला कागदपत्रांची धास्ती होती. काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. शिलाई मशीनवरच्या औषधांच्या बाटल्या लेकीने नीट ओळीत लावल्या होत्या, जणू पाहुणे बघायला येणार होते. तपासनीस वेळेवर आला. पन्नाशीचा, थकलेला, सभ्य माणूस. त्याने बूट बाहेर काढले, पाणी मागितलं आणि खुर्ची ओढून काकांच्या समोर बसला. लेकीच्या नाही, काकांच्या.

"मी आत येऊन बघण्याआधी तुमची संमती लागते," तो म्हणाला. "तुमची मुलगी देऊ शकत नाही. तुम्हीच द्यायची."

मग त्याने कागदावरचं वाचलं. सदर निरीक्षणादरम्यान संबंधित व्यक्तीच्या शरीराचे प्रत्यक्ष अवलोकन होणे आवश्यक असून, वगैरे. काका त्याच्या ओठांकडे बघत होते. वाचून झाल्यावर त्याने कागद खाली ठेवला आणि साध्या भाषेत सांगितलं, "तुम्हाला कपडे काढून अंघोळ घालताना मला तिथे उभं राहावं लागेल. चालेल का?"

"नको," काका म्हणाले.

लेक पुढे झाली. "बाबा, त्यांना नीट कळू दे. नुसतं उभे राहणार आहेत ते. एकदाच. मग रोज पूर्ण वेळ मिळेल तुम्हाला."

"नको."

"डॉक्टर नाही का बघत?"

काकांनी मान हलवली. डॉक्टर वेगळा.

"मग डोळे मिटून घ्या ना, बाबा."

काकांचा डावा हात उठला. त्यांनी बोटाने तपासनिसाकडे दाखवलं. "त्याचे मिटव."

तपासनीस हसला. मनापासून हसला, आणि मग त्याला ते बरं वाटलं नाही असं दिसलं, कारण त्याने लगेच पेन हातात घेतलं. लेक भिंतीला टेकली. ती त्याला सांगायला लागली, खरं तर स्वतःलाच. "दुकानात पडद्यामागे माप घ्यायचे. एकदा एका बाईला नवऱ्यासाठी त्याला न सांगता शर्ट शिवून घ्यायचा होता. तिने मागच्या वेळचं माप विचारलं. सांगितलं नाही यांनी. म्हणाले, त्याला घेऊन या. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल म्हणाले. मापं कापडाच्या कोपऱ्यावर खडूने लिहायचे, दुसऱ्याला कळू नये अशा खुणांनी. कपडा धुतला की गेलं."

तपासनीस ऐकत होता. मग त्याने काकांना आणखी एकदा विचारलं, हळू, वेगळ्या शब्दांत. कायद्यात तसंच आहे, संमती नाकारली तर एकदा समजावून पुन्हा विचारायचं. या वेळी काकांनी तोंड भिंतीकडे केलं.

मावशी इतका वेळ न्हाणीघराच्या दारात बादली घेऊन उभी होती. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही बाहेर उभे राहा. घड्याळ बघा. आतून पाण्याचा आवाज येईल, मी बोलत राहीन. किती वेळ लागतो ते कळेल की."

"कागदावर 'प्रत्यक्ष पाहून' असं लिहिलंय, ताई."

"मग लिहा पाहिलं म्हणून. कोण विचारतंय?"

"खोट्या नोंदीवरूनच तर मी इथे आलोय," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला तो शब्द बोलावा लागला याचं वाईट वाटत होतं.

"बरं," मावशी म्हणाली.

त्याने लिहिलं: संमती नाही, निरीक्षण झालं नाही. कागद काकांपुढे धरून त्यांना वाचून दाखवला. डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा घेतला, शाईचा डाग स्वतःच्या रुमालाने पुसला. जाताना त्याने लेकीला सांगितलं की सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल. बूट घालायला तो जिन्यात खाली बसला, तेव्हा त्याच्या गुडघ्यांचा आवाज झाला. तो गेल्यावर लेक म्हणाली, "माणूस वाईट नव्हता," आणि मग मशीनवरच्या बाटल्या जोरजोरात इकडून तिकडे करायला लागली. "स्वतःच्या हाताने धोंडा पाडून घेतलात पायावर. कुणासाठी एवढी लाज? कोण बघायला येतंय तुम्हाला आता?"

काका भिंतीकडेच बघत होते. मावशीने बादली आत ठेवली. "तुम्हाला उशीर होतोय ना गोदामात," ती लेकीला म्हणाली. "जा तुम्ही. मी आहे." तिच्या मनगटातला पट्टा तेवढ्यात थरथरला. वेळ सुरू होऊन निम्मा संपलाही होता.

तर पंचवीस मिनिटंच राहिली.

आजींना हे कळल्यावर त्यांनी स्वतः कंपनीला फोन लावला. "माझे पन्नास काढून त्या माणसाला द्या. मी लेखी देते." वेळापत्रकवाल्या बाईंनी सांगितलं की आजींचा वेळ कमी करता येईल, पण तो काकांनाच मिळेल असं नाही. तो सगळ्यांच्या खात्यात जमा होईल आणि मशीन ज्याला गरज आहे त्याला देईल. "बँकेत असा कारभार केला असता तर आम्हाला पोलिसांनी नेलं असतं," आजी म्हणाल्या आणि फोन ठेवला. वेळ कमी करून घेतला नाही. मावशीला तेवढंच बसायला मिळतं, असा त्यांचा हिशेब.

आता मावशी रोज सकाळी आजींच्या टेबलाशी पन्नास मिनिटं बसते. पट्टा मनगटात आहे, हलता येत नाही. आजींची अंघोळ केव्हाच झालेली असते. कधी आजी पत्ते काढतात, कधी डोंगराचे व्हिडिओ लावतात. खिडकीतून समोरच्या इमारतीत काकांच्या खोलीची खिडकी दिसते. पडदा लावलेला असतो. मावशी पत्ते वाईट खेळते, आजी तिला रोज हरवतात.

मग ती समोर जाते. पंचवीस मिनिटांत आख्खा माणूस धुता येत नाही, म्हणून तिने काकांना दोन भागांत वाटलंय. एक दिवस कमरेच्या वर, एक दिवस खाली. वरच्या दिवशी मूठ टबात सोडते, पण ती पूर्ण उघडायच्या आत पट्टा थरथरतो, मग जेवढी उघडली असेल तेवढ्यात बोटं घालून पुसते आणि कापडाची गुंडाळी धरायला देते. संध्याकाळी लेक प्रयत्न करते. तिला घाई होते, ती ओढते, काका ओरडतात. माकडहाडाजवळ एक लाल चट्टा आलाय. अजून फुटलेला नाही.

मी मावशीला एकदाच विचारलं. ती इस्त्री करत होती. "काकांनी हो म्हणायला हवं होतं असं नाही वाटत तुला? एक दिवसाचा तर प्रश्न होता."

तिने अ‍ॅप्रनची दोरी इस्त्रीखालून सरळ ओढली. रबरी अ‍ॅप्रनला इस्त्री करत नाहीत, फक्त दोरीला करतात. "अंग त्यांचं आहे," ती म्हणाली.

"पण त्रास त्यांनाच होतोय."

"होतोय."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली. "आज खालचं होतं. उद्या वरचं."

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि दोरी गार व्हायची वाट बघत उभी राहिली.